दाजींनी ठरवलेलं नॉर्वे

दाजी वारले, आणि माझी लोकरीची टोपी त्यांच्याकडंच राहिली.

ही तक्रार मी पूर्ण गांभीर्यानं इथं नोंदवत आहे. कान झाकणारी चांगली टोपी होती. "सवय करून पाहतो" म्हणून नेली आणि शिरड शहापुरात भरदुपारी ती घालून ओट्यावर बसू लागले. लोक विचारायचे, "मालक, कान दुखून राहिले का?"

"न्हाई. उन्हाळ्यात नॉर्वेला जाऊन राहिलो."

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे मालक. हळदीचे शेतकरी.
आज त्यांना जाऊन तीन महिने झाले.

मागच्या साली हळदीनं हात दिला आणि दोघांनी युरोप ठरवलं. टूरवाल्यानं रंगीत पुस्तक दिलं. निवाड्याला मला बोलावलं, कारण मी संस्कृत शिकवतो, आणि संस्कृतवाल्याला सगळंच कळतं असा आमच्या घरात एक जुना गैरसमज आहे.

अक्कानं पॅरिसवर बोट ठेवलं.

"लोखंडी टावर?" दाजी म्हणाले. "आपल्या वावरातून हायटेन्शनची लाइन गेली, तसले चार उभे हायत. रोज फुकट पाहून राहिली तू."

"मग हे, पाण्यातलं गाव?"

"तुझ्या माहेरी पूर आला तवा पाहिलं की. ह्या पंडितालाच खांद्यावर घेऊन काढलं म्या. इचार त्याला."

तो विषय मी वाढू दिला नाही. घाईनं स्वित्झर्लंड सुचवलं.

"बर्फ व्हय? तो रसवंतीत भेटतो."

मग त्यांनी स्वतःच पान उलटलं. नॉर्वेचं वरचं टोक. तिथं जूनमध्ये दिवस बुडतच नाही.

"सारी जिंदगी रातच्या लाइनीवर गेली, पंडित. रातीला लाइट येणार, रातीला मोटर चालू करायची, बॅटरी घेऊन पाणी द्यायचं. अन् ही घरी दारात जागी. जिथं रातच न्हाई, असं एक गाव हिला दाखवायचंय."

अक्कानं ते पान पुन्हा पाहिलं.
मग म्हणाली, "अन् माझा सोमवार?"

अक्का औंढ्याच्या नागनाथाचा सोमवार धरते. दिवस मावळल्याशिवाय घास घेत नाही. लग्न झाल्यापासून दर सोमवारी दाजी ओट्यावर उभे राहून पश्चिमेकडं पाहायचे आणि घरात आवाज द्यायचे, "बुडाला बघ. जेवून घे."

आता जिथं सूर्य बुडतच नाही, तिथं उपास सुटायचा कसा?

मी विद्वानासारखा डोळे मिटून बसलो आणि निर्णय दिला. देव औंढ्याचा, तर अस्तमानही औंढ्याचाच धरावा. इथं मावळला की तिथं सोडायचा.

"तिथं तवा किती वाजतेत?"

"दुपारचे साडेतीन."

"म्हणजे दुपारीच जेवण. नॉर्वे बराबर हाय."

"एक घड्याळ इथल्या टाइमाचं लावून ने," मी अक्काला म्हणालो.

"घड्याळ काहून?" दाजी म्हणाले. "म्या हाय ना आवाज द्यायला."

नॉर्वे ठरलं.

मग हळद शिजवायचे दिवस आले. एका सकाळी कढईपाशी "जरा टेकतो" म्हणाले.
टेकले ते उठलेच नाहीत.

तेरावं झालं. सगळ्यांनी गृहीत धरलं की तिकिटं रद्द.
अक्कानं एकच रद्द केलं.

दाजींचे थोरले भाऊ आबा तणतणत आले. थोरल्या दिरासमोर अक्का आजवर तोंड उघडून बोललेली नाही. त्या दिवशीही बोलली नाही. पदर सारखा केला आणि माझ्याकडं पाहून म्हणाली, "भाऊ, सांग त्यायला. दोघांनी ठरवलं व्हतं. एक गेला म्हणून ठरलेलं मोडत न्हाई."

आबा हाताच्या अंतरावर बसलेले. तेही माझ्याकडंच पाहून बोलले.
"हिला म्हणावं, वरीस तर सरू दे. पार जवळा बाजार गावापर्यंत लोक बोलून राहिले."

"म्हणावं, बोलू द्या. बाजारच हाय तो."

"मास्तर, तुमी शिकलेले. शास्त्र सांगा हिला."

सांगितलं. जाहीरच सांगतो, म्हणजे पुन्हा कुणी विचारायला नको. नवरा गेल्यावर वर्षाच्या आत बाईनं नॉर्वेला जाऊ नये, असं वचन मला कुठंही सापडलं नाही.
सापडलं असतं तरी मी ते आबांना दाखवलं नसतं.

बायको गेल्यावर महिन्याभरात मित्रांसोबत फिरून आलेले गृहस्थ आमच्याच पाहण्यात आहेत. त्यांना 'मन रमवायला गेले' म्हणतात. मग अक्काला 'फिरायला निघाली' का म्हणायचं?

ती परवा निघते. टूरच्या ग्रुपसोबत, पण आपल्या माणसांत म्हणाल तर एकटी. काल बॅग भरताना मी टोपी मागितली.
"देत न्हाई," म्हणाली, आणि साड्यांच्या घडीत खाली दाबली.

म्हणजे टोपी गेलीच.

दाजी, ती निघाली. तुम्ही निवडलेल्या गावाला, तुमच्याच टोपीत. आमच्याकडून तुम्हाला ही एवढीच श्रद्धांजली.

विमानाची, थंडीची, गावाच्या तोंडाची मला काळजी नाही.

एक सांगायचं राहिलं. दाजी कधीकधी खोटं बोलायचे. उन्हाळ्यात अक्काचं डोकं दुखत असलं की दिवस कासराभर वर असतानाच ओट्यावरून आवाज यायचा, "बुडाला बघ." अक्काला ते ठाऊक होतं. तिनं कधी बाहेर येऊन पाहिलं नाही. जेवून घ्यायची.

आता दर सोमवारी ती स्वतः ओट्यावर येऊन उभी राहते. सूर्य जातो, लाली जाते, पार अंधार पडतो. मग आत येते आणि म्हणते, "भूक न्हाई."

तिच्या टूरमध्ये एक सोमवार येतो. इथं मावळला की मी फोन करणार आहे. सांगणार आहे, "बुडाला, अक्का. जेवून घे."

ती खिडकीबाहेर पाहील. सूर्य समोरच असेल.

माझ्या शब्दावर ती जेवेल का, ते मला माहीत नाही.