मामांची एकच कविता

कवितेवर माझ्या मामांइतकं कडक प्रेम करणारा माणूस उभ्या नगर जिल्ह्यात दुसरा नसेल. कोल्हारजवळच्या एका शाळेत त्यांनी आयुष्यभर कवायत शिकवली. एकदा मराठीच्या बाई महिनाभर रजेवर गेल्या आणि त्यांचा तास मामांच्या गळ्यात पडला. मामांनी अख्खा वर्ग मैदानात नेला, मुलांना रांगेत उभं केलं आणि पुस्तकातली बारा कडव्यांची एक कविता पावलांच्या तालावर पाठ करून घेतली. बाई परत आल्या, त्यांचा तासही त्यांना परत मिळाला, पण कविता मामांनी ठेवून घेतली. त्या कवींचं स्मारक नगरच्या जुन्या बागेत आहे, हे कळल्यापासून ते दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी एसटीने येऊ लागले. रविवारी चर्च असतं, म्हणून शनिवार.

मी नगरलाच राहतो, त्यामुळे सोबतीची ड्यूटी माझी. मामांच्या पिशवीत काथ्याचा ब्रश, जुना टॉवेल आणि पाण्याची बाटली. आधी कवींच्या अर्धपुतळ्यावरची पाखरांची घाण धुवायची, मग बूट काढून सावधानमध्ये उभं राहायचं, आणि मग कविता. तीसुद्धा मैदानाच्या पार टोकाला उभ्या असलेल्या मुलाला ऐकू जाईल अशा आवाजात. बागेचे माळी म्हणायचे, "सर, आमाला घड्याळ लागत न्हाई. तुमी सुरू केलं की साडेदहा झाले." मी मात्र लाजून बाकावर पेपर तोंडासमोर धरून बसायचो. एकदा मी विचारलं, "मामा, यांच्या बाकीच्या कविता वाचल्यात का?"

"आधी एक नीट येऊ दे," ते म्हणाले.

एकदा स्मारकाच्या चौथऱ्यावर कॉलेजातली एक जोडी बसली होती. मामांना पाहून दोघं गडबडीने उठायला लागली. "बसा. कुनी उठवलं तुमाला?" मामा म्हणाले. "फक्त दोन कडवी पाठ करा अन् मग जा." आणि त्या दोघांनी खरोखर केली. ती गेल्यावर मामांनी मला निकाल सांगितला, "पोरगी लई हुशार हाय. पोराचे उच्चार कच्चे हायेत."

यंदा दिवाळीनंतर आले, तेव्हा पाचव्या कडव्याशी थांबले. मला वाटलं, दम लागला असेल. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं आणि पुन्हा तिथेच अडले. माळ्यांनी पाण्याची नळी खाली ठेवली. मामा पुतळ्याकडे बघत हळू म्हणाले, "पुढं काय हुतं?"

इतक्या हळू बोलताना त्यांना मी पहिल्यांदाच ऐकलं. मी पेपर बाकावर ठेवला, त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो आणि पाचवं कडवं म्हटलं. मग सहावं. थेट बाराव्यापर्यंत कुठे अडलो नाही. ती कविता मला कधी पाठ झाली, मलाच ठाऊक नव्हतं. मामा नुसते ओठ हलवत होते. संपल्यावर वाकून बूट घालता घालता म्हणाले, "आवाज बारीक हाय तुझा. पन शब्द बराबर हायेत. पुढल्या महिन्यापासून तूच म्हन. मी ऐकतो."

आता मी म्हणतो. मामा बाकावर डोळे मिटून बसतात. बारा कडवी संपली तरी ते लगेच उठत नाहीत, आणि मीही त्यांना घाई करत नाही.