येतो म्हणणाऱ्यांचं घर

बाटुमीचं घर ह्यांनी मला न विचारता घेतलं. साधी चादर घेतानाही "तुला पसंत असेल तरच" म्हणणारा हा माणूस काळ्या समुद्राकाठी एका खोलीचं घर घेऊन मोकळा झाला, आणि मुलुंडला परतल्यावर चहा पिता पिता मला ते सांगितलं. मी कप तसाच ठेवून आत गेले. पुढे कित्येक दिवस मी त्याला "तुमचं घर" म्हणत असे आणि हे दर वेळी "आपलं" म्हणून दुरुस्त करत.

हे बोटीवर इंजिनिअर होते, तेल वाहून नेणाऱ्या जहाजांवर. सासरे गिरणीत, गाव मालवणकडचं, त्यामुळे समुद्र ह्यांच्या रक्तातच होता असं सासूबाई म्हणायच्या. मला ते रक्तापेक्षा डोक्यात जास्त वाटायचं. बाटुमी हे जॉर्जिया देशातलं बंदर. तिथे हिरवे डोंगर थेट पाण्यापर्यंत उतरतात आणि पाऊस कोकणासारखा कोसळतो. "उतरलो आणि वाटलं, आपल्याकडेच आलो," हे सांगायचे. "फक्त कुणीतरी माड तोडून नेलेत." मी शाळेत भूगोल शिकवत असे. काळा समुद्र मी वर्गावर्गांना नकाशात दाखवला होता, पण तिथे आपलं कुलूप असलेलं एक दार असेल असं कधी मनात आलं नव्हतं.

निवृत्तीनंतर आम्ही दोघं एकदाच तिथे गेलो. किनारा वाळूचा नव्हता, गोल दगडगोट्यांचा होता. लाट मागे फिरली की ते गोटे एकमेकांवर घासत खाली जायचे आणि कुणी सुपात तांदूळ पाखडावेत तसा आवाज यायचा. दिवसभर, रात्रभर तोच आवाज. बाल्कनीत बसलं की डोळे आपोआप मिटायचे आणि आपण नक्की कुठे आहोत हे विसरायला व्हायचं. मी तिथे पहिल्यांदा त्या घराला "आपलं" म्हटलं. दुरुस्त करायला ह्यांना काही उरलं नाही.

दर पावसाळ्यात यायचं असं ठरवून परतलो, आणि मग ह्यांच्या फुफ्फुसांनी दगा दिला. जन्मभर इंजिनाच्या धुरात काढलेली ती फुफ्फुसं. डॉक्टरांनी विमानप्रवास कायमचा बंद केला. हे दवाखान्यात हसून "ठीक आहे" म्हणाले आणि घरी आल्यावर बोलायचेच थांबले. गॅलरीत खुर्ची टाकून समोरच्या डोंगराकडे बघत बसायचे. जेवायला हाक मारली की यायचे, जेवायचे, पुन्हा खुर्ची. बंगळुरूहून मुलगा म्हणाला, आई, ते घर विकून टाक, बंद पडून भिंतींना बुरशी येईल. त्याचं काही चुकत नव्हतं. पण मला भीती वाटली. ते घर गेलं तर हा माणूसही हळूहळू जाईल, अशी सरळ सरळ भीती.

म्हणून ते पाहुण्यांना द्यायचं मी ठरवलं. चार दिवस, आठवडा, असे येतात ना लोक समुद्रावर, त्यांना. घर उघडं राहील, चूल पेटेल, भिंती कोरड्या राहतील. बाटुमीतल्या एका हिशेबनिसाशी मी इंग्रजीत बोलले. तो म्हणाला, परदेशात बसून हे करायचं तर तिथे कंपनी काढा, बँकेचं आणि कराचं सगळं सुटसुटीत होईल, तुम्हाला यावंसुद्धा लागणार नाही. एका खोलीसाठी कंपनी, म्हणजे नाकापेक्षा मोती जड. पण मी काढली. ह्यांची सही थरथरायला लागली होती, त्यामुळे संचालक मी झाले. मुलुंडच्या नोटरीकडे मुखत्यारपत्र केलं, ते परदेशात चालावं म्हणून लागणाऱ्या शिक्क्यासाठी अंधेरीच्या एजंटाकडे दिलं, मग ते कुरिअरने तिकडे गेलं आणि तिकडच्या लिपीत उतरून त्याचा फोटो आला. ती लिपी म्हणजे कुणी ओल्या शेवया वाळत घातल्यासारखी. त्यात माझं नाव कुठे आहे ते हिशेबनिसाने बाण काढून दाखवलं होतं.

कंपनीला नाव काय द्यायचं हे मी ह्यांना विचारलं. गॅलरीतून उत्तर आलं, "येवा." कित्येक दिवसांनी आलेला तो पहिला शब्द. मालवणीत "येवा" म्हणजे या, आत या. दारात आलेल्या कुणालाही म्हणायचं ते. मी तेच लिहून पाठवलं. तिकडे येवा हे बाईचं नाव असतं म्हणे, त्यामुळे हिशेबनीस मलाच "मॅडम येवा" म्हणून पत्रं लिहायला लागला. लग्नात एकदा माझं नाव बदललं होतं, ते मला कुणी विचारून बदललं नव्हतं. हे दुसरं मात्र मला आवडलं. मी त्याला शेवटपर्यंत सुधारलं नाही.

घराची देखभाल करायला त्याच इमारतीत तळमजल्यावर राहणारी एक बाई मिळाली. माझ्याच वयाची, विधवा. पाहुणे गेले की ती खोली झाडायची, चादरी बदलायची आणि सगळं ठीक आहे हे दाखवायला आम्हाला व्हिडिओ कॉल करायची. आमची दुपारची जेवणं उरकलेली असायची, सोसायटी पेंगत असायची. तिला फक्त तिची भाषा येई, म्हणून मध्ये भाषांतर करणारं ॲप. आम्ही मराठीत बोलायचो, ते तिच्या भाषेत बोलायचं, आणि ती बोलली की एक गुळगुळीत मराठी आवाज आम्हाला सांगायचा, "आज हवामान ढगाळ आहे."

पहिल्या कॉललाच हे खुर्ची सोडून आत आले. ती बाई फोन हातात धरून खोलीभर फिरली, मग बाल्कनीत गेली आणि तो सुपाचा आवाज आमच्या मुलुंडच्या खोलीत भरला. ह्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला. "आयकतंस मां?" हे चिडले किंवा भारावले की मालवणीवर येतात. मी ऐकत होतेच. पंख्याचा आवाजही थोडा वेळ तिकडचाच वाटत होता.

त्यानंतर ती दुपारची वेळ आमची झाली. हे तिला "बाय" म्हणायचे, मालवणीत बहिणीला म्हणतात तसं. बाय, त्या कोपऱ्यातली फरशी हलते का अजून? बाय, बंदरात आज जहाज कुठलं? ती फोन फिरवून दाखवायची. हे जहाज बघून त्याच्या पोटात काय असेल ते मला समजावायचे. मी हो हो करत झोपेच्या काठावर बसलेली असायचे. आणि कॉल संपवताना हे दर वेळी म्हणायचे, "चला बाय, येतो हां." त्यावर ती हसून काहीतरी म्हणायची आणि ॲप सांगायचं, "मी तुमची वाट पाहत आहे." काय गोड बाई आहे, आम्ही म्हणायचो. किती आर्जवी.

मग एकदा हिशेबनिसाचं पत्र आलं. मॅडम येवा, सप्टेंबरातला ऐन मोसमातला एक आठवडा तुमच्या देखभाल करणाऱ्या बाईने बुकिंगच्या कॅलेंडरवर बंद करून ठेवला आहे. पाहुणे विचारतात, ती नकार देते. मला कारण सांगत नाही. संचालक म्हणून तुम्ही विचारावं.

माझं डोकं सणकलं. आपण दूर बसलोय, आपल्याला काय दिसतंय, म्हणजे हिने भाऊबंद आणून ठेवायचे ठरवले असणार. गोड बोलणाऱ्यांचं मला तसंही कधी पटलेलं नाही. ह्यांचा डोळा लागला होता. मी स्वयंपाकघरात जाऊन तिला व्हिडिओ कॉल लावला आणि सरळ विचारलं, तो आठवडा कुणासाठी ठेवलायस?

ती गोंधळली. मग जिना चढून वर गेली, दार उघडलं आणि फोन खाली धरला. उंबऱ्याशी सपातांचे दोन नवे जोड होते, एक मोठा, एक लहान. बाल्कनीत दोन खुर्च्या, त्यांतल्या एकीवर उशी. पाठ दुखते असं हे कधीतरी बोलले असणार. ॲपचा आवाज म्हणाला, "तुमच्यासाठी. ते दर वेळी सांगतात की ते येत आहेत. दिवस सांगत नाहीत. म्हणून मी समुद्र उबदार असतो तो आठवडा ठेवला."

माझा राग कुठे गेला मला कळलं नाही. मी ओट्याला टेकून उभी राहिले. आता हे हिला कसं सांगायचं? मी सावकाश, शब्द तोडून सांगितलं, की आमच्यात निघताना "जातो" म्हणत नाहीत. "जातो" अशुभ. साखर मागायला आलेली शेजारीणसुद्धा उठताना "येते" म्हणते. कोपऱ्यावर भाजी आणायला निघालं तरी "येतो". आणि निरोप देणारा म्हणतो "या", ह्यांच्या मालवणीत "येवा". ॲपने ह्याचं काय केलं देव जाणे, कारण तिने तीनतीनदा विचारलं. शेवटी तिला उमगलं. ती बाल्कनीतल्या खुर्चीत बसली. मागे सुपातलं पाखडणं चालूच होतं.

मग तिने विचारलं आणि तो गुळगुळीत आवाज माझ्या स्वयंपाकघरात स्पष्ट बोलला, "म्हणजे ते येणार नाहीत?"

मी मान वळवली तर दारात हे उभे होते. चौकटीला धरून, बनियनवर, झोपेतून उठल्यासारखे. किती वेळ उभे होते कुणास ठाऊक. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग फोनकडे. खरं उत्तर त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं, डॉक्टरांनी तर ते लिहूनच दिलं होतं. पण ते मी माझ्या तोंडाने, त्यांच्यासमोर, परक्या बाईला सांगितलं असतं तर हे पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसले असते आणि ह्या वेळी उठले नसते. मी जन्मभर मुलांच्या उत्तरपत्रिकांवर लाल रेघा मारल्या. खोटं मला सहन होत नाही.

"येणार आहेत," मी म्हटलं. "त्याच आठवड्यात. दोघंही येतोय."

ॲपने सांगितलं. तिला कळलं होतं सगळं, विधवा बाई, तिला न कळायला काय झालं. तिने मान हलवली. मी हिशेबनिसाला लिहिलं की तो आठवडा दर वर्षी बंद राहील, संचालक स्वतः येणार आहेत. त्याने लगेच उत्तर पाठवलं, मॅडम येवा, तुमचं स्वागत आहे.

सप्टेंबरात आम्ही गेलो. म्हणजे मी दूधवाल्याला आठवडाभर अर्धाच लीटर दे म्हणून सांगितलं, का ते मलाही माहीत नाही. कपाटातून ह्यांचा पांढरा शर्ट काढला. बाय रोज सकाळचं आवरून फोन बाल्कनीतल्या उशीच्या खुर्चीवर, समुद्राकडे तोंड करून ठेवायची आणि निघून जायची. आम्ही इकडे टेबलावर आपला फोन उभा करून समोर बसायचो. बोलायचो थोडंच. तिकडे ऊन चढायचं, एखादं जहाज बंदरात शिरायचं, ढग उतरायचे. आमच्याकडेही ढग होते. कुठला गडगडाट कुठला हे आम्ही ओळखायचा खेळ खेळायचो आणि बहुतेक वेळा चुकायचो. मी बांगडे तळले. तिकडे बाय येऊन फोनसमोर दोन बश्यांत मासे ठेवून गेली, आमच्या वाटचे म्हणून. ह्यांनी तिच्या बशीकडे बघून आपल्या ताटातला घास घेतला आणि म्हणाले, तिकडचे मासे ताजे असतात बरं का. मी म्हटलं, हे भांडुपच्या बाजारातले आहेत. मग मलाच वाईट वाटलं, आणि मी म्हटलं, पण चव तीच आहे.

शेवटच्या दिवशी तिथे पाऊस लागला. बायने खुर्च्या आत घेतल्या, सपातांचे जोड उचलून नीट शेजारी शेजारी कपाटात ठेवले आणि फोनसमोर उभी राहिली. हे नेहमीप्रमाणे म्हणाले, "चला बाय, येतो हां." मी ॲपच्या आवाजाची वाट बघत होते. पण ती त्याआधीच बोलली, मराठीत, वाकड्यातिकड्या उच्चारात, पाठ करून ठेवल्यासारखी.

"येवा," ती म्हणाली.

ह्यांना खोकला आला आणि ते तोंड पुसत आत निघून गेले. मी तिच्याकडे बघत राहिले, ती माझ्याकडे.

दोन दिवसांनी आम्ही ह्यांच्या तपासणीला निघालो, तर लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरचे काका भेटले. "काय हो, आठवडाभर गॅलरीत दिसला नाहीत? बरं होतं ना?" त्यांनी विचारलं.

"इथे नव्हतोच," हे म्हणाले. "बाटुमीला जाऊन आलो."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. ह्यांना विमान बंद आहे हे सोसायटीत सगळ्यांना ठाऊक होतं. हे मात्र लिफ्टच्या आकड्यांकडे बघत उभे होते, पांढऱ्या शर्टात, अगदी ताठ.

"हो ना," मी म्हटलं. "शेवटच्या दिवशी पाऊस लागला. पण बाकी समुद्र छान होता."