सोळावा चेहरा

रुद्राणी माझ्या दुकानात पहिल्यांदा आली ती काम मागायला नाही, भांडायला. तिच्या मामाच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर मी 'भावी सरपंच' छापलं होतं.

"मामा उभाच न्हाई निवडणुकीला, काका. तुम्हाला कुणी सांगितलं?"

मी म्हणालो, सांगावं लागत नाही, वाढदिवस आला की भावी आपोआप येतंच. ती हसली नाही. सरळ माझ्या खुर्चीत बसली, तो शब्द पुसला, मी गोरा केलेला मामा पुन्हा सावळा केला आणि उठली. कामात असा हात बसलेली पोरगी मी पाहिली नव्हती. दुसऱ्या दिवसापासून ती दुपारची माझ्याकडे कामाला येऊ लागली.

माझं नाव श्रीमंत. नाव मोठं, लक्षण खोटं. लातुरात क्लासेसच्या भागात माझं फ्लेक्सचं दुकान आहे. रुद्राणी उदगीरची. आई अंगणवाडीत, वडील बसचे कंडक्टर. पोरगी इथं हॉस्टेलवर राहून जाहिरातीचा कोर्स करत होती, शेवटचं वर्ष. कॉलेजातल्या सरांनी सांगितलं होतं की नोकरी मागत फिरू नका, आधी स्वतःची जाहिरात करा. एक चेहरा, एक नाव, आणि रस्त्यावरचा माणूस थांबून बघेल असं एक काम. तिनं ते कागदावर लिहून कॉम्प्युटरला चिकटवलं. रोज मोबाइलवर स्वतःबद्दल काहीतरी टाकायची. बघणारे अठरा, त्यातला एक मी. पी हळद अन् हो गोरी, असं कुठं असतं? पण तिला पुण्याच्या एजन्सीत जायची घाई झाली होती.

नीटचा निकाल लागला तेव्हा एका क्लासचं मोठं काम आलं. सोळा चेहरे, सोळा नावं, खाली गुण. फोटो आले पंधराच. क्लासचे सर फोनवर म्हणाले, "आधी प्रूफ धाडा, सोळावा पाठवून राहिलो." रिकामी चौकट वाईट दिसते म्हणून रुद्राणीनं तिथं स्वतःचा पासपोर्ट फोटो बसवला. तो मीच काढलेला. खाली गावोगाव एखादी सापडेल असं नाव टाकलं, आरती किशनराव जाधव, आणि गुण ठोकले सहाशे एक्क्याऐंशी. प्रूफ गेलं. दोन मिनिटांत मोबाइलवर होकाराचा अंगठा आला. छापा.

सोळावा फोटो आलाच नाही. सरांना आपले विद्यार्थी ओळखू येत नव्हते आणि मला मशीन थांबवायची नव्हती. लातूर, नांदेड, भोकर, बिलोली, मिळून चाळीस फ्लेक्स लागले. दोष पोरीचा एक आणा, माझा पंधरा आणे. आज हे कबूल करायला मला लाज वाटत नाही, भीती वाटते.

रुद्राणी मात्र खूश. तिनं चौकातल्या फ्लेक्सचा फोटो काढून आपल्या कामांच्या फाइलीत पहिल्या पानावर टाकला आणि खाली लिहिलं, यातला एक चेहरा माझा आहे.

पुढं क्लासचे सर स्वतः दुकानात आले. मी गमतीनं विचारलं, "ती आरती कशी हो अभ्यासात?" म्हणाले, "गरीब पोरगी. तिसऱ्या बाकावर बसायची. शंका लई विचारायची." रुद्राणी तिथंच बसली होती. सरांनी तिच्याकडे बघून पाणी मागितलं. ते गेल्यावर आम्ही पोट धरून हसलो. आठवड्यानं एक मुलगी झेरॉक्सला आली आणि भिंतीवरचं प्रूफ बघून म्हणाली, "आरती ना? माझी रूममेट होती." तेव्हा आम्ही हसलो नाही.

मग केवळाबाई आल्या. बिलोलीकडच्या एका खेड्यातल्या, साठीच्या आतबाहेर. त्यांनी पिशवीतून फ्लेक्सचा कापलेला चौकोनी तुकडा काढला. जुना फ्लेक्स कुणीतरी कडब्याच्या गंजीवर झाकायला आणला होता, त्यातनं त्यांनी विळ्यानं तेवढाच भाग कापून घेतला होता, खालच्या कोपऱ्यातल्या माझ्या दुकानाच्या नावासकट.

"ही माझी लेक. दोन वर्सामागं लातूरला क्लासला आली, ते घरी आलीच न्हाई. पोलिसात दिलं, समदीकडं फिरलो." त्यांनी आरतीनंतरच्या नावावर बोट ठेवलं. नवऱ्याचं नाव त्या घेणार नव्हत्या. "हे नाव घरच्यांचं हाय. पास झाली म्हणजे हाय ना कुठंतरी? पत्ता तेवढा सांगा, भाऊ."

रुद्राणी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली. "मावशी, हा फोटो माझा हाय. नाव मी मनानं टाकलं. चूक झाली."

केवळाबाईंनी तिच्याकडे नीट बघितलं. मग तुकड्याकडे. मग तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "तू कशाची, माय. माझ्या लेकराला मी वळखत न्हाई का?"

काखेत कळसा म्हणावं तर कळसा कुणाचा, तेच मला कळेना. मी तुकडा हातात घेतला. फोटो रुद्राणीचाच. हनुवटी तीच, वेणी तीच. पण पुन्हा पाहिलं तेव्हा मला हनुवटीवर थोडं थांबावं लागलं, तीच का म्हणून.

क्लासला आणि पोलिसांना खरं सांगायचं ठरलं. रुद्राणी म्हणाली, "चार दिवसांवर पुण्याच्या एजन्सीची मुलाखत हाय, काका. तेवढी होऊ द्या." मी होऊ दिली.

मुलाखत व्हिडिओवर, माझ्याच दुकानात झाली. पुण्याहून तिघं होते. तिच्या फाइलीचं पहिलंच पान उघडून त्यातल्या बाई म्हणाल्या, "चेहरा माझा, असं लिहिलंय. कुठला?"

"शेवटचा, मॅडम."

तिघांनी बघितलं. एकानं पडद्याजवळ वाकून बघितलं. बाई थंडपणे म्हणाल्या, "या तुम्ही नाही आहात. पहिल्याच पानावर खोटं असेल तर आपण इथंच थांबू."

रुद्राणीनं एकदा माझ्याकडे बघितलं. सहा महिने ती या मुलाखतीची वाट बघत होती. ती हसून म्हणाली, "गंमत केली, मॅडम. लोक थांबतात का बघायला. ती आरती आहे. मी ओळखते तिला."

तेही हसले. बाई म्हणाल्या, "थांबलो खरं." नोकरी तिथंच पक्की झाली. मी पेढे आणले. तिनं एक उचलला आणि हातातच धरून बसली. काम मिळाल्याचा आनंद तिच्या तोंडावर कुठंच नव्हता.

ओळखपत्रासाठी नवा फोटो हवा होता. भर दुपारी, पांढरा पडदा लावून मीच काढला. प्रिंट ट्रेमध्ये पडत होत्या तेवढ्यात केवळाबाई पुन्हा आल्या. त्यांनी रुद्राणीला बाजूला सारून ट्रेमधला फोटो उचलला.

"आरते," त्या फोटोला म्हणाल्या. मग मला, "आज आलती का ही? कुठं गेली?"

रुद्राणीनं तोच फोटो मोबाइलवरून आईला उदगीरला पाठवला. फक्त पाठवला, काही लिहिलं नाही. लगेच आईचा फोन आला. तिनं स्पीकर लावला.

"चांगली हाय गं पोरगी. तुझ्यासंगं कामाला हाय का ही?" आई मजेत बोलत होती. "आता तुझाबी एक धाड. बाबा सकाळपासून विचारून राहिले."

रुद्राणीनं फोन माझ्यापुढं धरला. "काका, तुम्हीच काढलाय. सांगा ना आईला."

मी फोटोकडे बघितलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा फोटोतल्या हनुवटीकडे. तिकडं आई हॅलो, हॅलो करत होती.