दोन किलोंनी अडलेली विमानशाळा

माझा धाकटा दीर सेमिसी पंधरा वर्षं ऑकलंडमध्ये दुसऱ्यांच्या पोरांना विमान चालवायला शिकवत होता. मागच्या वर्षी सासूबाईंचे गुडघे धरले, तेव्हा तो आमच्या हापाई बेटावर आला आणि जेवताना म्हणाला, "आता इथंच राहीन म्हणतो. विमानाची शाळा काढतो."

सासूबाईंनी जेवण थांबवून देवाचे आभार मानले. आमचे हे म्हणाले, "इथं? इथं सायकलचं दुकान चाललं नाही."

सेमिसीचा स्वभाव असा, की माडाखाली बसायचं तरी आधी वारा कुठून येतोय ते बघेल. कागदावर उतरल्याशिवाय त्याला कुठली गोष्ट खरी वाटत नाही. महिनाभर तो रोज सकाळी बेटावरच्या धावपट्टीवर जाऊन वहीत काहीतरी लिहून आणी.

"मोठ्या बेटावर, तोंगातापूला काढ की," हे त्याला रोज टोचत. "पट्टी लांब, पेट्रोल हवं तेवढं, मनोऱ्यावरून विमानाशी बोलायला माणूस."

"तिथं मोठी विमानं येतात, दादा. शिकाऊ पोरगं उडायला कमी आणि थांबायलाच जास्त शिकेल."

"आणि इथं? पट्टीच्या मधून गावाचा रस्ता जातो. डुकरं फिरतात."

"म्हणूनच तर! डुकरं बघून जो उतरायला शिकला, तो कुठंही उतरेल. वारा बहुतेक दिवस नाकासमोरून. वर आकाशात गर्दी नाही."

"रविवारी?"

"रविवारी कायद्यानंच बंद."

आठवड्यातला एक दिवस जिथं इंजिनसुद्धा देवासाठी गप्प बसतं, ती जागा वाईट कशी असेल, असं मला आपलं वाटलं. पण दोघा भावांच्या बोलण्यात मी पडले नाही.

खरा घोळ विमानाचा होता. न्यूझीलंडच्या व्यापाऱ्याकडे दोन होती. एक चार जणांचं, दणकट, पण पेट्रोल ढोसणारं. आमच्याकडे पेट्रोल पिंपांतून बोटीनं येतं, आणि बोट तिच्या लहरीनं येते. ते घेतलं तर शाळा तोंगातापूलाच न्यावी लागणार. दुसरं दोन जणांचं, होडीला पंख लावावेत तसलं. ते घेतलं तरच सेमिसी घरी राहणार. तेही किमान तीन शिष्य मिळाले तर. शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं.

"लहान विमानात पेट्रोल भरल्यावर दोन माणसांसाठी एकशे शहात्तर किलो उरतात," सेमिसीनं वाचून दाखवलं.

"कुठल्या देशाची माणसं?" हे स्वतःच्या पोटावर थाप मारत म्हणाले आणि इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

शिकायला चौघं तयार होती. शाळेतली बाई तोकीलुपे, टपाल कचेरीतला फेलेती, कोळी मोसेसे आणि स्वतः आमच्या चर्चचे पाळक. पाळकांना दूरच्या बेटांवरच्या मंडळ्यांना भेटायचं होतं. वजन करायचं ठरलं, तर पाळकांनी ते उपासनेनंतर सर्वांसमोर जाहीर केलं. झालं! मंगळवारी सभागृहात सगळे असे आले, जसे राजाला भेटायला निघालेत. प्रत्येकाच्या कमरेला ताओवाला, म्हणजे मानाच्या प्रसंगी बांधायची घरातली सगळ्यांत जुनी, जाड चटई, वरून काथ्याच्या दोरीनं बांधलेली. पाळकांनी प्रार्थना केली. मग एकेक जण भोपळे तोलायच्या काट्यावर चढला. शेवटी सेमिसी चढला.

संध्याकाळी तो माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला. तोंड उतरलेलं.

"संपलं, वहिनी. मी अठ्ठ्याण्णव. राहिले अठ्ठ्याहत्तर. तोकीलुपे चौऱ्याऐंशी, फेलेती एकोणनव्वद, मोसेसे एक्याण्णव. कुणीच बसत नाही."

"आणि पाळक?"

"पाळकांना मोठं विमानही पुरणार नाही." त्यानं कमरेची दोरी सोडली, मामंजींची ती चटई काढून खाली टाकली. फरशीवर धप्प आवाज झाला.

मी चटईकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "सेमिसी, हे धरलंस का त्यात?"

"काय?"

"अरे, हे! की विमानातही बांधून बसणारेस?"

ऑकलंडमध्ये तेलाचा थेंबन् थेंब मोजणाऱ्या या माणसाला कमरेची चटई दिसलीच नव्हती. मी इतकी हसले, की सासूबाईंनी आतून विचारलं, "कोण पडलं?"

"मग परत बोलावू सगळ्यांना?" तो उठलाच.

"आणि काय सांगशील? पाळकांसमोर चटया उतरवा म्हणून? त्यापेक्षा परत जा ऑकलंडला."

बुधवारी मीच निघाले. चटया विणण्यात माझा हात बरा, म्हणून घरोघर सांगितलं, "कडा उसवल्यात का बघते." मासे तोलायचा आकड्याचा काटा माझ्या टोपलीत होता. बोलणं खोटं ठरू नये म्हणून प्रत्येकाची कड खरोखरच शिवली. पाळकीणबाईंनी तर तीन चटया काढून दिल्या, त्यात माझी दुपार गेली.

रात्री आम्ही वजाबाकी केली. तोकीलुपे ऐंशी, फेलेती त्र्याऐंशी, मोसेसे शहाऐंशी. मामंजींची चटई सहा किलो निघाली, म्हणजे सेमिसी ब्याण्णव.

"राहिले चौऱ्याऐंशी," तो म्हणाला. "दोघं बसतात. मोसेसे दोन किलोंनी राहिला."

"मोसेसे म्हणजे नुसती हाडं," हे म्हणाले. "त्याच्यातून काय काढणार?"

"मग दुसऱ्या सीटवरच्यातून काढा," मी म्हटलं.

सगळे सेमिसीकडे बघायला लागले. त्यानं स्वतःच्या पोटाकडे पाहिलं, जणू ते आत्ताच कुणीतरी आणून ठेवलंय.

गुरुवारी त्यानं लहान विमान कळवून टाकलं. पाळकांना सांगायला मीच गेले. ते म्हणाले, "ठीक आहे. मी होडीनंच जाईन. वर तुम्ही, खाली मी, देव दोघांकडे बघेल."

विमान यायला सहा आठवडे होते. पहिल्याच रविवारी जमिनीतल्या भट्टीतून डुकराचं मांस, रताळी, नारळाच्या दुधातली अळूची पानं निघाली. सासूबाईंनी लेकाचं ताट भरलं. सेमिसीनं एक रताळं ठेवलं आणि बाकीचं हळूच ताटाच्या कडेला सारलं.

"बरं नाही का रे?" सासूबाईंनी विचारलं.

"बरा आहे, आई. दोन किलो कमी करायचेत. नाहीतर शाळा तोंगातापूला न्यावी लागेल."

सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी मानच खाली घातली. "पंधरा वर्षं मी देवाकडे मागितलं, पोरगा घरी येऊन जेवू दे," त्या म्हणाल्या. "देवानं अर्धंच ऐकलं."

मग त्यांनी स्वतःच्या हातानं त्याच्यासमोरचं मांस उचललं, ह्यांच्या ताटात घातलं आणि सेमिसीचा पेला नारळाच्या पाण्यानं भरला. तोही अर्धाच.