भरतीनं पुसलेली गणितं

ये गं, अशी जवळ बस. शाळेत बाई झालीस म्हणून काकूला विसरायचं होय? आणि गणित चुकलं की सातवीच्या पोरांना ओणवं उभं करतेस म्हणे!

माझ्या सुमनला सातवीला एक गुरुजी होते. रविवारी पोरांना तापीच्या ओवाऱ्यावर, म्हणजे घाटावर न्यायचे आणि पायऱ्यांवर खडूनं गणितं घालायचे. मी शेजारीच धुणं धुवायची. सगळं दोनदा बोलायची सवय त्यांना. "शांतीथी बेटा, शांतीथी," म्हणजे सावकाश, घाई नको. नजर मात्र दूर पाण्यावर. चुकलेलं गणित ते कधी पुसायचे नाहीत. समुद्राच्या भरतीचं पाणी नदीत चढायचं, तेच पुसायचं.

एकदा अर्धा आणि एक तृतीयांश यांची बेरीज सुमननं दोन पंचमांश लिहिली. पोरं हसली. "उद्यापासून मी शाळेत येणार नाही," म्हणत तिनं खडू टाकला. परीक्षा तर तोंडावर आलेली.

गुरुजी तिच्या खालच्या पायरीवर बसले. "अर्ध्यात भर घातली, मग अर्ध्यापेक्षा कमी कसं झालं बेटा? कसं झालं?"

सुमन बोटांवर सहावे हिस्से मोजू लागली, तीन आणि दोन. पाणी गुरुजींच्या धोतराला लागलं, मग तिच्या चुकीला. खडू धुरासारखा विरला. तिनं वरच्या पायरीवर लिहिलं, पाच षष्ठांश. थोड्या वेळानं पाण्यानं तेही नेलं.

"गुरुजी, हे तर बरोबर होतं!"

"मग परत लिही बेटा, परत लिही."

तिनं आणखी वर चढून लिहिलं, हसत हसत.

आता लवकर ये ओवाऱ्यावर, वर्गातली पोरं घेऊन. भरती कधी, ते मी नावाड्याला विचारून ठेवते.