गायरानावर भरलेली ओटी

माझ्या आईने कधी कुठल्या पाहुण्याला तोंडावर नाही म्हटलं नव्हतं. आमच्या सुलतानपुरात तशी रीतच नाही. दारात आलेल्याला आधी पाणी, मग चहा, आणि बाई पहिल्यांदाच आली असेल तर जाताना तिची ओटी. नकार द्यायचाच झाला तर तो मागाहून, तिसऱ्याच्या तोंडून, जमेल तितका उशिरा. लहानपणी या रीतीचा मला भयंकर राग यायचा. परदेशात राहायला लागल्यावर तिच्याच आठवणीने जीव कासावीस व्हायला लागला. इथे लोक पाणी विचारायच्या आधीच नाही म्हणून मोकळे होतात.

मी एका छोट्या संस्थेत काम करते. हवामान बदलावर बोलायला जगातले देश जमतात तेव्हा आम्ही मागच्या खुर्च्यांवर बसतो आणि मधल्या वेळात प्रतिनिधींचा पिच्छा पुरवतो. मागणी एकच. हवामानाच्या नावाखाली कुठलाही प्रकल्प उभारताना तिथल्या माणसांचे हक्क राखा, त्यांना आधी विचारा. एवढ्यावर मोठी मोठी माणसं आठवडाभर भांडतात. ज्या शब्दांवर एकमत नाही ते मसुद्यात कंसात ठेवायची पद्धत आहे, आणि 'मानवी हक्क' हे शब्द डालग्याखालच्या कोंबडीसारखे कायम कंसात. आमच्या गावातलं नळाचं भांडणसुद्धा याहून लवकर मिटतं.

त्या वर्षी एका दुपारी आपल्याकडचा एक सल्लागार सौर प्रकल्पांची माहिती देत होता. बोलता बोलता त्याने पडद्यावर फोटो लावला, आणि फोटोत माझी आई होती. आमच्या गायरानात, बाभळीखाली उभी. डोक्यावर पदर. समोरच्या तरुण बाईच्या ओढणीत गहू आणि नारळ घालत होती. मागे आमच्या शेळ्या. खाली लिहिलं होतं, स्थानिक महिलांचा उत्स्फूर्त पाठिंबा.

खरं सांगते, राग नंतर आला. आधी नुसती माया दाटून आली. किती तरी महिन्यांनी आई दिसत होती, तीही भिंतभर. तिच्या हातावरचं गोंदणसुद्धा ओळखू येत होतं. उठून त्या भिंतीला हात लावावा असं वाटलं. मग खालची ओळ पुन्हा वाचली आणि डोकं फिरलं.

गायरान म्हणजे गावाची चराईची जमीन. आम्हाला शेत नाही. बाबा मजुरीला जातात, आणि घर चालतं ते आईच्या शेळ्यांवर. गायरान गेलं तर शेळ्या विकायच्या, दुसरा रस्ता नाही. तिथे सौर पॅनेल बसवायचं घाटत असल्याचं माझ्या कानावर होतं. मी बाहेर येऊन आईला फोन लावला.

"हाव, आलती एक पोरगी," आई म्हणाली. "पहिल्यांदाच आलती बिचारी. तिले रिकाम्या ओटीनं कशी जाऊ देऊ?"

"आणि गायरानाचं काय बोलणं झालं?"

"मले कोनं इचारलंच नाही."

मी परत आत गेले. प्रश्नांची वेळ आली तेव्हा उभी राहिले आणि म्हटलं, ही माझी आई आहे, हिने पाहुणीची ओटी भरली, जमीन दिलेली नाही. सल्लागाराने तुमच्या भावना समजतात असं म्हणून पुढचा फोटो लावला. पण बोलणं फिरत फिरत फोटोतल्या त्या तरुण बाईपर्यंत पोचलं. ती प्रकल्पाचीच अधिकारी, शहरात वाढलेली. तिने मला फोन केला. ओटी तिला आशीर्वाद वाटली होती आणि तिच्या साहेबांना होकार. पण पोरगी सरळ होती. तिने खटपट करून गायरानासाठी ग्रामसभा लावून घेतली.

ग्रामसभा नेमकी आमच्या वाटाघाटींच्या शेवटच्या दिवशी आली. सगळं टाकून गावाकडे जाणारी लोणारची एसटी धरावी असं मनात किती आलं, पण मी होते सातासमुद्रापलीकडे. शेजारच्या काकूंनी व्हिडिओ कॉल लावून दिला. सभागृहाबाहेर भिंतीला टेकून मी बघत होते. पार दिसला, कर्णा खरखरला, कुणी तरी खोकलं. बायका नेहमीप्रमाणे एका बाजूला, भिंतीशी. त्या अधिकारी पोरीने विचारलं, "मावशी, तुमचं काय म्हणणं आहे?"

माझ्या आईला चारचौघांत हे विचारलेलं मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. आई उठली. पदर सारखा केला. तोंड उघडलं, आणि रेंज गेली.

आत टाळ्या वाजल्या. आमचे शब्द कंसातून सुटले होते, पण मसुद्याच्या सुरुवातीला, जिथे कुणावर काही बंधन नसतं. माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती, आणि मी वेड्यासारखी फोन लावत होते.

काकूंनी नंतर सांगितलं की आईने नाही म्हटलं. सरळ, पाहुणीच्या तोंडावर. प्रकल्प सध्या थांबलाय, किती दिवस ते कुणाला ठाऊक नाही. सुट्टीत घरी गेले तेव्हा आईच्या मागेच लागले, कसं म्हणालीस ते पुन्हा म्हणून दाखव. ती शेळ्यांना पाला टाकत होती.

"एक डाव सांगतलं ना माय," ती म्हणाली आणि आत गेली.

मग काकूंना विचारलं, पारावरच्या माणसांना विचारलं. नाही म्हणाली, अजून काय, असं सगळे सांगतात. आवाज चढला होता का, कापला होता का, कुणाच्या ध्यानात नाही. ती बोलली ते अख्ख्या गावाने ऐकलं. मीच तेवढी नव्हते.