ट्रेलरवर फुटलेलं लिंबू

रस्त्यानं जाताना पुढे ट्रेलरवर बांधलेली जीप दिसली, की आजही मला तो शुक्रवार आठवतो आणि माझी नजर आधी तिच्या चाकांवर जाते. बायको म्हणते, "निवृत्त झालात ना आता? सोडा की!" सुटत नाही. माझ्या नोकरीत खून झाले, दरोडे झाले, पेपरात फोटोही आले. पण छाती पुढे काढून सांगावा असा तपास कुठला, असं कुणी विचारलं तर मी हाच सांगतो. ऐकणारा आधी हसतो, कारण या गुन्ह्यातला मुख्य पुरावा एक लिंबू होतं.

मी तेव्हा शहराबाहेर, दौलताबादच्या बाजूच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. दुपारी नियंत्रण कक्षाचा निरोप आला. किल्ला ओलांडून खुलताबादकडे जो चढ लागतो, तिथे ट्रेलरवरची जीप मागे घसरून रस्त्याकडेच्या पेरूच्या दुकानावर गेली होती आणि एक बाई जखमी होती. ठाणे अंमलदाराला डायरीत नोंद घ्यायला सांगून मी निघालो.

रस्ताभर पेरू सांडले होते. जीप कडेला कलंडली होती. साधी जीप नव्हती ती. डोंगरातल्या शर्यतीसाठी मुद्दाम उंच केलेली, जाडजूड टायर, पुढे भक्कम लोखंडी बंपर. पुढे पिकअप आणि त्याच्या मागचा ट्रेलर रिकामा उभा होता. पेरू विकणाऱ्या मावशीचा पाय मोडला होता आणि पिकअपचा चालक उघड्या अंगानं तिच्याजवळ बसला होता. स्वतःचा शर्ट फाडून, पेरूच्या खोक्याच्या फळ्या लावून त्यानं तिचा पाय बांधला होता. पळून जायला रस्ता मोकळा होता, तरी हा पठ्ठ्या जागचा हलला नव्हता. ही गोष्ट मी मनात टिपून ठेवली.

मावशी वेदनेनं कळवळत होती, तरी मला म्हणाली, "सायेब, ह्याला मारू नका. ह्योच उचलाया आला. बाकीचे समदे गाडीचंच बघत हुते."

बाकीचे म्हणजे जीपचा मालक आणि त्याचे दोस्त. ते मागून कारनं येत होते. मालक उस्मानपुऱ्यातला, घरची भरपूर शेती, आता बांधकामाच्या धंद्यात. जीप गॅरेजमधून सजून आलेली आणि ही तिची पहिलीच फेरी. त्यानं मला बाजूला घेतलं.

"साहेब, सरळ केस आहे. ह्यानं पट्टे नीट आवळलेच नाहीत. जुम्मा होता ना आज! नमाजला पळायची घाई. जीप गिअरमध्येसुद्धा टाकली नाही, बघा तुम्ही."

मी पाहिलं. जीप खरोखरच न्यूट्रलमध्ये होती.

मावशीला सरकारी दवाखान्यात हलवलं. पंचनामा केला, वाहनं ताब्यात घेतली. मी ठाण्यात पोचेपर्यंत मालकाच्या एका दोस्तानं मोबाइलवर लिहून टाकलं होतं: नमाजच्या घाईत बाईचा जीव धोक्यात घातला. झालं! संध्याकाळपासून माझा फोन वाजायचा थांबेना. हा विचारतो अटक केली का, तो विचारतो आत कधी टाकता. चालक मुकुंदवाडीचा, पिकअप आणि ट्रेलर त्याचे स्वतःचे, त्यावरच घर चालायचं. गुन्हा त्याच्या माथी बसला असता तर परवाना गेला असता, कदाचित तुरुंगही झाला असता. पण त्याहून वाईट होतं ते एक वाक्य. ते त्याच्या अंगाला जन्मभर चिकटलं असतं, त्याच्याच काय, त्याच्या सगळ्या गल्लीच्या. माझं डोकं सटकलं. शेवटच्या फोनवाल्याला मी म्हटलं, "तपास मी करतोय का तुम्ही? या की मग ठाण्यात, खुर्ची रिकामी करून देतो." तो काही आला नाही.

चालकाला समोर बसवलं. पस्तिशीचा असेल. चौकशीत मी कधी आरडाओरडा केला नाही. ओरडलं की माणूस खरं सोडून बचावाचं बोलायला लागतो.

"पट्टे कुणी बांधले?"

"मीच, साहेब."

"नीट बांधले?"

"वाजवून बघितले साहेब. मैं क्या बोलूं, दाखवू का?"

मी त्याला आवारात नेलं. ट्रेलर मुद्देमाल होता, त्याला हात लावायचा प्रश्नच नव्हता. ठाण्याची जुनी जीप आणि आवारातला लोखंडी खांब त्याला दिला. त्यानं पट्टा चाकावरून घेतला, खांबाला अडकवला आणि पट्टा आवळायच्या रॅचेटचा दांडा कटकट करत ओढला.

"अशा गाडीच्या अंगाला बांधायचं नाय, साहेब. अंग स्प्रिंगवर असतं. खड्ड्यात गाडी खाली दबती, तेवढ्यात पट्टा ढिला पडतो अन् हूक निघून जातो. चाकाला बांधायचं. चारी चाकं, चार पट्टे. तोंड पुढं, वजन पुढं. गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक वर. अन् मग हे." त्यानं ताणलेल्या पट्ट्यावर बोटानं टिचकी मारली. पट्टा ठण्णकन वाजला. "असा बोलला पायजे. नाय बोलला तर ढिला."

"मग?"

"मग मालकाला चावी दिली अन् नमाजला गेलो. त्यांनीच सांगितलं, जाऊन ये, आम्हालाही आवरायचंय. परत आलो तर हार-बीर घातलेला, पूजा झालेली. निघालो."

"परत वाजवून बघितलं?"

त्यानं मान खाली घातली. "नाय साहेब. पट्टे जागच्या जागी दिसले. मालक म्हणले, लई उशीर झाला, चल आता. बघायला पायजे होतं. तेवढी चूक माझी."

आपली चूक आपण होऊन सांगणारा माणूस ठाण्यात फार कमी भेटतो. माझा त्याच्यावर विश्वास बसला. पण विश्वास कोर्टात चालत नाही. एकीकडे हा एकटा आणि दुसरीकडे मालक आणि त्याची सगळी मित्रमंडळी. सगळ्यांचे जबाब एकाच साच्यातले: पट्ट्यांना आम्ही हातही लावला नाही. चालकाला नोटीस देऊन घरी सोडलं, पण दोषारोपपत्रात नाव त्याचंच जाणार हे दिसत होतं.

अशात आमच्या हवालदारानं नवी मोटरसायकल घेतली. सकाळची हजेरी झाली आणि ठाण्याच्या आवारातच पूजा निघाली. त्याची बायको ताट घेऊन आलेली, आमच्या महिला शिपायांनी हार आणलेला, मी साहेब म्हणून नारळ फोडला. चाकाखाली लिंबू ठेवलं. हवालदार ऐटीत गाडीवर बसला, सुरू केली आणि जागच्या जागीच रेस देत, फोटोसाठी हसत बसला.

"अवं, पुढं घ्या की!" बायको ओरडली. "नुसतं बसून लिंबू फुटतंय व्हय?"

सगळे खो खो हसले. हवालदारानं गाडी पुढे घेतली, लिंबू फचकन फुटलं, टाळ्या पडल्या. माझ्या हातात पेढा होता, तो तसाच राहिला. आवाराच्या कोपऱ्यात तो ट्रेलर उभा होता. मी चालत तिकडे गेलो. फळ्यांवर, जिथे जीपची चाकं होती नेमकं तिथे, लिंबाच्या वाळलेल्या साली लाकडात दाबल्या गेल्या होत्या. फळीला चिकटलेल्या बिया, भोवती कुंकवाचा डाग.

आम्ही सगळ्यांनी ते लिंबू आधी पाहिलं होतं. पंचांनी पाहिलं, मी पाहिलं, चालकानंही पाहिलं होतं. पण आपल्याकडे नव्या गाडीच्या चाकापाशी लिंबू दिसलं तर त्यात काय बघायचं? नसतं तर बघितलं असतं! चाक फिरल्याशिवाय लिंबू फुटत नाही, आणि पट्टे सोडल्याशिवाय ट्रेलरवरचं चाक फिरत नाही. एवढी साधी गोष्ट होती.

मालकाला मी त्याच दिवशी चहाला बोलावलं. पट्ट्यांचा विषयच काढला नाही. जीपचं कौतुक केलं. टायर कुठून आणले, बंपर कुणी केला, सगळं विचारलं. गडी खुलला.

"पूजा केली असेल ना?"

"म्हणजे काय साहेब! आईनं केली, साग्रसंगीत."

"घराच्या दारात?"

"हो, ट्रेलरवरच. चढवून बांधून तयार होती, म्हटलं आता कुठे परत उतरवायची."

"लिंबं ठेवली?"

"चारी चाकांखाली."

"आणि फोडली कशी?"

त्यानं कप खाली ठेवला. मग म्हणाला, वकिलांशी बोलतो. म्हटलं, अवश्य बोला.

दुसऱ्या दिवशी महिला शिपायाला घेऊन मी त्याच्या घरी गेलो. आई ओसरीवर भाजी निवडत बसल्या होत्या. खेड्यातून आलेल्या, ठाम आवाजाच्या. मी म्हटलं, "आई, त्या दिवशी पूजा कशी झाली ते सांगता का?" मालक मधे पडायला लागला. आईंनी त्याला हातानंच गप्प केलं.

"तो डायवर पोरगा नमाजला गेला, मग मी कुंकू लावाया गेले. चाकाला लावलं, पट्ट्याला बी लावलं. बोट लागलं तर पट्टा तुणतुण्यावाणी वाजला. म्हनलं, लई घट बांधलंय लेकरानं. पन लिंबं फुटल्याबिगर गाडी दाराबाहेर न्यायची नाय, ह्यो हट्ट माझा. मग ह्यानं अन् ह्याच्या दोस्तांनी पट्टे सोडले, गाडी जराशी ढकलली, लिंबं फुटली. परत बांधले. का? काय झालं?"

"आई, त्या जीपखाली एका बाईचा पाय मोडलाय. सगळे म्हणतात, त्या चालकाला नमाजची घाई होती म्हणून पट्टे ढिले राहिले."

आईंच्या हातातली भाजी तशीच राहिली. त्यांना घरात कुणी काही सांगितलंच नव्हतं. त्या लेकाकडे वळल्या.

"आई, तू आत जा," तो पुटपुटला.

"का जाऊ? त्या लेकराला घाई नव्हती. घाई आपल्याला हुती. लिही बाई," त्या महिला शिपायाला म्हणाल्या, "मी सांगते तसं लिही."

नोकरीत मी अनेक जबाब ऐकले. त्या जबाबाला मी मनातल्या मनात सॅल्यूट ठोकला, आणि आज सांगतो, डोळेही भरून आले होते. त्यानंतर दोस्तांचे साचे एकेक करून फुटले. हँडब्रेक खाली करून, जीप न्यूट्रलला टाकून ढकलली, तशीच ठेवली, रॅचेट दोनचारदा ओढून पट्टे आवळल्यासारखे केले, सगळं बाहेर आलं. दोषारोपपत्रात नावं बदलली. ज्या दोस्तानं ती ओळ लिहिली होती, त्याला माझ्यासमोर बसवून खरं काय ते त्याच मोबाइलवर, त्याच्याच हातानं लिहायला लावलं. मला त्याची अजिबात दया आली नाही.

या तपासानं मला एक शिकवलं. कुणी "घाईमुळे झालं" म्हणालं, तर घाई नक्की कुणाची, हे आधी विचारावं. आणि रोज डोळ्यांसमोर असलेली वस्तू पुन्हा एकदा, नवी असल्यासारखी बघावी. पुढे हाताखालच्या अधिकाऱ्यांना मी हेच सांगत आलो.

गेल्या हिवाळ्यात पेरू घ्यायला मी दौलताबादला गेलो होतो. मावशी जरा लंगडते, पण दुकान जागच्या जागी आहे. मी पेरू निवडत होतो, तेवढ्यात एक पिकअप चढाच्या अलीकडे कडेला थांबला. मागे ट्रेलर, ट्रेलरवर जीप. तोच चालक उतरला, चारी चाकांपाशी जाऊन टिचक्या मारू लागला. मला त्यानं पाहिलंच नाही.

"वाजला का रं?" मावशी बसल्या जागेवरून ओरडली.

"चारी वाजले, मावशी!"

"मग जा."